मीरा-भाईंदरला दहापैकी सहा

हेल्स्ट्रूप इंटरनॅशनल या कंपनीचा जन्म उत्तर युरोपातल्या एका थंडगार गावात, पावाच्या दुकानाच्या माडीवर झाला. संस्थापक हेल्स्ट्रूपसाहेब पहिल्याच दिवशी खाली उतरले आणि पाव घ्यायला आलेल्या अकरा बायकांना त्यांनी विचारलं, की बाई, तुम्हाला साबण कुठला आवडतो? ती अकरा उत्तरं त्यांनी एका साबणवाल्याला विकली. आपल्याकडे परक्या बायकांना भररस्त्यात असा प्रश्न विचारला असता तर साहेबांचा उद्योग त्याच संध्याकाळी आटोपला असता. तिकडे तो वाढला. आज कंपनी एकसष्ट देशांत आहे, आणि कुठल्या गावचा माणूस कशाबद्दल किती समाधानी आहे हे शून्य ते दहाच्या मापात सांगण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. अशा या कंपनीने नऊशे अकरावं गाव म्हणून मीरा-भाईंदरची निवड केली आणि पूनम सागरजवळ, नळ आणि कमोड विकणाऱ्या एका दुकानाच्या वर गाळा भाड्याने घेतला.

हा सगळा इतिहास यतीन समेळांना तोंडपाठ होता, आणि ते तो दूधवाल्यालाही सांगत. वय त्रेपन्न, विम्याच्या कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती, आणि आता हेल्स्ट्रूपमध्ये फील्ड सुपरवायझर. नेमणूक सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. पण लोकांना सांगताना नेमक्या त्या शब्दाला यतीनरावांना खोकला यायचा. सहा महिन्यांनी काम पसंत पडलं तर कायमचे एरिया लीड, नाहीतर रामराम, असा करार होता. रामराम होण्याची शक्यता यतीनरावांनी विचारातच घेतली नव्हती. विम्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाने असं करावं हे नवलच.

त्यांनी दारावरच्या पाटीवर आपल्या नावाखाली ‘हेल्स्ट्रूप इंटरनॅशनल’ असं रंगवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी ममताबेन दारात उभ्या.

“यतीनभाई, बहुत अच्छा लग रहा है. पण दरवाज्यावर कंपनीचं नाव म्हणजे कमर्शियल यूज झाला ना? एनओसी लागेल.”

“ममताबेन, ऑफिस तिकडे आहे. ही नुसती पाटी आहे.”

“पाटीचीच एनओसी.”

त्यासाठी अर्ज, अर्जासोबत पाटीचा फोटो, मग कमिटीची बैठक, आणि बैठकीला कोरम नाही म्हणून अर्ध्या तासाने त्याच बिनकोरमच्या माणसांची पुन्हा बैठक, असं सगळं यथासांग पार पडलं. परवानगी मिळाली ती दोन अटींवर. पाटी नऊ इंचांहून मोठी नसावी आणि कंपनीचे परदेशी पाहुणे लिफ्ट वापरणार असल्यास सोसायटीला आठ दिवस आधी लेखी कळवावं. लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. पण अट ती अट.

यानंतर इमारतीत यतीनरावांकडे बघण्याची नजर बदलली. कुणी भाच्याचा बायोडेटा आणून दिला, कुणी “तिकडे थंडी फार असते का हो?” असं विचारलं, जणू हे रोज संध्याकाळी तिकडूनच परतत. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई एवढंच म्हणाल्या, “अहो, पाटी रंगवायची ती खडूने रंगवून बघायची आधी.” यतीनरावांनी त्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांच्या घरच्यांना त्यांची किंमत कळत नाही, हे त्यांनी पूर्वीपासून ऐकून ठेवलं होतं.

कामाची पद्धत शास्त्रोक्त होती. एका ठिकाणापासून निघायचं, सतत उजव्या हाताला वळायचं आणि दर पाचव्या दारावर थाप मारायची. मनाला येईल त्या घरात शिरायचं नाही. हा नियम ज्याने केला तो राई गावात कधी आला नसावा. राईत यतीनराव तीनदा उजवीकडे वळले आणि तिन्ही वेळा बाबुराव भोईरांच्याच अंगणात निघाले. बाबुरावांच्या वडिलांची मिठागरं होती. आता त्या बाजूला इमारती उठल्या आहेत आणि बाबुराव अंगणात खुर्ची टाकून त्यांचे मजले मोजतात.

“आलाव? बसा,” तिसऱ्यांदाही ते तितक्याच प्रेमाने म्हणाले. “वाट चुकलाव म्हून काय झाला? घर त चुकला न्हाय.”

यतीनरावांनी टॅब उघडला. “बाबुराव, तुमच्या गावातल्या एकंदर राहणीमानाबद्दल आपण शून्य ते दहा या मापात किती समाधानी आहात?”

“मंजी मार्क द्याचे?”

“हो.”

बाबुरावांनी खाडीकडे पाहिलं, इमारतींकडे पाहिलं, सुनेने आणून ठेवलेल्या चहाकडे पाहिलं. “सा लिवा,” ते समाधानाने म्हणाले. “फस्ट क्लास हाय.”

पूनम सागरमध्येही तीच तऱ्हा. सर्व्हे दिवसाढवळ्या व्हायचा. तरुण मंडळी कामावर, म्हणून उत्तरं द्यायला घरात सापडायची ती पन्नाशी-साठीपुढची मराठी माणसं. त्यांच्या काळात पस्तिसाला पास, साठाला फर्स्ट क्लास, आणि पंचाहत्तराला डिस्टिंक्शन. पण डिस्टिंक्शन ही गोष्ट नेहमी शेजाऱ्याच्या मुलाला मिळायची. पैकीच्या पैकी फक्त गणितात पडत, तेही परीक्षक आजारी असेल तर. या लोकांना एखादी गोष्ट मनापासून आवडली की ते म्हणत, “सहा.” फारच आवडली की म्हणत, “सहा द्या, सहा! उगाच कशाला हात आखडायचा!”

सगळ्यांत कडक परीक्षा झाली ती सुगंधा मॅडमकडे. गिरगावातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून त्या आता यतीनरावांच्या शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. त्यांनी आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका बघायला मागितली.

“टूथपेस्टला साडेपाच,” त्या म्हणाल्या. “अर्धा झाकणाचा कापला, सारखं हरवतं.”

“मॅडम, यात अर्धा गुण घेत नाही.”

“का?”

“तशी सोयच नाहीये.”

“एकसष्ट देशांत धंदा करतात आणि अर्धा येत नाही?” मॅडमनी चष्मा पुसला. “पाच लिहा मग. उरलेला अर्धा त्यांच्या अज्ञानाचा.”

यतीनरावांनी पाच लिहिले. असे त्यांनी तीन महिन्यांत पूनम सागर, राई आणि पलीकडच्या डोंगरी गावापर्यंत चारशे घरांचे आकडे प्रामाणिकपणे गोळा केले. काही सुपरवायझर हॉटेलात बसून टॅब भरतात अशी कुजबुज त्यांच्या कानावर होती. यतीनरावांनी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. एका आजोबांचं “पाच की सहा” ठरेना, तर ते ठरेपर्यंत हे दीड तास त्यांच्या सोफ्यावर बसून राहिले.

मग जागतिक अहवाल आला.

नऊशे अकरा गावांत मीरा-भाईंदरचा नंबर नऊशे अकरावा होता. जगातलं सर्वांत असमाधानी गाव! नऊशे दहाव्या क्रमांकावर एक असं गाव होतं, की जिथे वर्षाचे दोन महिने सूर्य उगवत नाही आणि दवाखाना बोटीने नऊ तासांवर आहे. ती माणसं आपल्यापेक्षा सुखी निघाली. कंपनीच्या शास्त्रात नऊ-दहा देणारा तो चाहता, सात-आठवाला उदासीन, आणि सहापासून शून्यापर्यंतचे सगळे एकजात नाराज. सहा देणारा आणि शिव्या देणारा यांत तिकडे फरकच करत नाहीत.

गावात बोभाटा झाला. व्हॉट्सॲपवर निषेध उमटले. एका स्थानिक पुढाऱ्याने तीन दिवसांचा ‘समाधान महोत्सव’ जाहीर केला आणि त्याच्या मंडपामुळे रस्ता बंद झाल्याने दोन दिवस लोक खरोखरच असमाधानी राहिले. कंपनीत मात्र आनंदीआनंद होता. गाळ्याचा प्रमुख अभिनव याने पेढे वाटले. अभिनव तिशीचा, पवईहून यायचा, आणि त्याच्या हुद्द्याचं नाव दर महिन्याला वाढत होतं.

“सर, यू डोन्ट अंडरस्टँड,” तो यतीनरावांना म्हणाला. “खूश आदमी को क्या बेचोगे? हा गोल्डमाइन आहे! गादीवाले आलेत, वॉटर प्युरिफायरवाले आलेत, मेडिटेशन ॲपवाले तर लाइन लावून बसलेत.”

खरंच, महिनाभरात एका गाळ्याचे तीन गाळे झाले. कमोडवाल्याला आपलं अर्धं गोदाम रिकामं करून द्यावं लागलं. अभिनवचा हुद्दा ‘हेड, ग्रोथ अँड डिस्कंटेंट’ झाला. एकसष्ट देशांत कुठल्याही शाखेची अशी वाढ झाली नव्हती, आणि तिच्या मुळाशी यतीनरावांचे चारशे प्रामाणिक आकडे होते.

इमारतीच्या आवारात मात्र सभा भरली. “गावाचं नाक कापणारा तो नतद्रष्ट कोण?” असा विषय होता. एकेक जण उभा राहून शपथेवर सांगू लागला.

“मी तर सहा दिले!”

“आम्हीपण सहा दिले. पाण्याला, हवेला, सगळ्याला सहा!”

“मैंने तो सबको दस दिया,” ममताबेन म्हणाल्या. “लिफ्ट को भी.”

ममताबेन सगळ्यांनाच दहा देत. पण ममताबेनसारख्या दारांवर पाचवा नंबर क्वचित पडला होता. यतीनराव मागे खुर्चीत बसून ऐकत होते. हे लोक तक्रार करत नव्हते. हे सगळे खूश होते! आपण चारशे खूश माणसांची रडकी यादी करून साहेबाच्या हातात दिली, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अभिनवला सगळं समजावलं. पस्तीस, साठ, पंचाहत्तर. कागदावर रेघा मारून दाखवल्या.

“सर, ग्लोबल स्केल इज ग्लोबल,” अभिनव म्हणाला. “आणि हे आत्ता सांगून दोन गाळे परत करायचे का?”

यतीनरावांनी थेट मुख्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. तिकडून तासाभरात उत्तर आलं. आपल्या तक्रारीला क्रमांक मिळाला आहे. या प्रतिसादाबद्दल आपण शून्य ते दहा किती समाधानी आहात? यतीनरावांनी विचार केला. उत्तर लवकर आलं होतं, भाषाही सभ्य होती, मुद्द्याचं मात्र काही नव्हतं. त्यांनी पाच दिले. पाच म्हणजे नाराज, त्यामुळे तक्रार तातडीची ठरली आणि नियमाप्रमाणे संबंधित शाखेच्या प्रमुखाकडे, म्हणजे अभिनवकडे, परत आली. अभिनवने ती ‘निकाली’ म्हणून मिटवली आणि मिटवण्याबद्दल यतीनरावांना आणखी एक समाधान-पत्रक आलं. या खेपेला त्यांनी ते भरलं नाही. भरलं असतं तर ते अजून तिथेच भरत बसले असते.

इथवर दु:ख गावाचं होतं. पुढच्या आठवड्यात ते स्वत:च्या घरी आलं.

कंपनी ज्यांची उत्तरं घेते त्यांना नंतर फोन करून विचारते, की आमचा माणूस कसा वाटला? यतीनरावांचे आकडे आले होते. सरासरी सहा पूर्णांक एक. खाली लाल अक्षरांत शेरा: ‘उत्तरदात्यांमध्ये तीव्र नाराजी. येत्या पंधरवड्यात दहा घरांत पुन्हा फोन केले जातील. सरासरी आठ न आल्यास करार वाढवता येणार नाही.’ दहा घरांची यादी सोबत होती.

यतीनराव तो कागद घेऊन घरी आले आणि बूट न काढताच बसले. “लोक माझ्यावर नाराज आहेत,” ते म्हणाले. त्यांचा आवाज असा होता, की मृणालिनीबाईंनी पाटीचा विषय काढला नाही.

“कोण नाराज आहे? परवाच राईहून कोळंबी आली ना बाबुरावांची?”

“त्यांनीच सहा दिलेत.”

“अहो, मग ते कौतुकच की!”

“ते मला माहिती आहे, तुला माहिती आहे. हेल्स्ट्रूपला कोण सांगणार?” यतीनराव उठून खिडकीशी गेले. “त्रेपन्नाव्या वर्षी नापास होणं बरं दिसत नाही गं. सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलंय मी.”

हे त्यांनी खोकल्याशिवाय म्हटलं. मृणालिनीबाईंना त्यांची मनापासून दया आली.

आता सल्ले सुरू झाले. ममताबेन म्हणाल्या, सोसायटीच्या नोटीसबोर्डावर सूचना लावते, ‘सर्व सभासदांनी यतीनभाईंना दहा द्यावेत, अन्यथा दंड.’ तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी दहाही घरांना ड्रायफ्रूट पाठवायला सांगितलं. यतीनरावांना हे पटेना. नियमच होता, की उत्तरदात्याला आकडा सुचवायचा नाही. चारशे घरांत पाळलेला नियम स्वत:साठी मोडायचा? शेवटी ठरलं ते असं, की आकडा सांगायचा नाही, पण तिकडचं माप कसं चालतं एवढं प्रत्येक घरी जाऊन समजावायचं. यतीनरावांच्या मते हे शिक्षण होतं आणि मृणालिनीबाईंच्या मते मत मागणं. मृणालिनीबाई बरोबर होत्या.

पहिला मुक्काम राई. बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं.

“मंजी सा दिला त तुमची नोकरी जाल?”

“तसं मी म्हणत नाही. मी फक्त माप सांगतोय.”

“पन धा न्हाय देनार मी,” बाबुराव ठामपणे म्हणाले. यतीनरावांचा चेहरा पडला. “आयका. पोराला नटवला का गालाव तीट लावतात ना? का लावतात? नजर लागू नये म्हून. तुमाला धा दिला, पुरा धा, आन कोनाची नजर लागली मंजी? नव देतंय. येक मार्क तीट.”

यतीनरावांना वाटलं, या माणसाला मिठी मारावी. तिटेची ही युक्ती त्यांनी पुढच्या घरी गोष्ट म्हणून सांगितली आणि ती भलतीच चालली. दहा द्यायला ज्यांचा हात थरथरत होता, ते तीट लावायला एका पायावर तयार झाले. डोंगरीच्या एका मावशींनी तर दोन गालांच्या दोन तिटा म्हणून आठ कबूल केले. त्या दोन नकोत, एकच पुरे, असं सांगायचं यतीनरावांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण ते आकडा सुचवणं झालं असतं. एक जोशीकाका मात्र “मग माझे सहा खोटे होते का?” म्हणून रुसले आणि पाचावर उतरायची भाषा करू लागले. त्यांना मृणालिनीबाईंनी साबुदाण्याची खिचडी पाठवून सहावर स्थिर ठेवलं.

यादीतलं शेवटचं नाव होतं सुगंधा मॅडमचं.

मॅडमनी दार उघडलं, यतीनरावांच्या हातातला कागद पाहिला आणि त्यांना काय ते कळलं. “गुण वाढवून घ्यायला आलात,” त्या म्हणाल्या.

“नाही, मॅडम. फक्त माप...”

“माप मला कळतं. मी गणित शिकवलंय.” त्या खुर्चीत बसल्या. “समेळ, माझा मुलगा माझ्याच वर्गात होता. आठवीला दोन गुणांनी गेला. हेडमास्तर म्हणाले, बाई, पुन्हा बघा पेपर. मी पुन्हा बघितला आणि आणखी एक कापला. तो अजून बोलत नाही माझ्याशी त्याबद्दल. सगळं बोलतो, तेवढं एक सोडून. आता तुम्हाला मी ओळखीचे म्हणून वाढवून देऊ?”

 यतीनरावांना एकदम लाज वाटली आणि ते जायला उठले.

“बसा. उठायला कोणी सांगितलं? वाढवून देणार नाही, पण फेरपरीक्षा घेईन. विचार मला सगळे प्रश्न पहिल्यापासून.”

‘विचारा’चं ‘विचार’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्रेपन्न वर्षांचे यतीनराव सतरंजीवर पाय जुळवून बसले आणि त्यांनी प्रश्नावली पहिल्यापासून वाचली. मॅडम मधूनमधून वहीत काही टिपत होत्या. चपला दारात वाकड्या काढल्या, एक टीप. ‘ओके’ अकरा वेळा म्हटलं, एक टीप. विसाव्या प्रश्नाला मॅडमनी मुद्दाम खोड काढली.

“टूथपेस्टला नऊ लिही. मागे पाच दिले होते ना? नऊ कर. तुझ्या कंपनीला आवडेल.”

“मॅडम, तुमचं मत बदललं असेल तर लिहितो,” यतीनराव म्हणाले. “झाकण आता हरवत नाही का?”

“हरवतं.”

“मग पाचच राहू दे.”

मॅडमनी वही मिटली. “जा. निकाल फोनवर.”

फोनचा दिवस उजाडला. गाळ्यात मोठ्या पडद्यावर एकेक घराचा आकडा उमटत होता आणि यतीनराव हातरुमाल पिळत बसले होते. ममताबेन दहा. बाबुराव नऊ. जोशीकाका सहा, खिचडीसकट. आठ, नऊ, सात... नऊ घरं झाली तेव्हा बेरीज बहात्तर होती. अभिनवला यतीनरावांबद्दल मनातून आपुलकी होती. तो खुर्ची ओढून जवळ बसला.

“सर, शेवटच्या घराने आठ दिले की एटी. डन! आठ तर देतीलच ना?”

 सुपरवायझरांना हवं तर फोन ऐकायला मिळतो. यतीनरावांनी हेडफोन लावला.

“मॅडम, आमच्या प्रतिनिधीला तुम्ही शून्य ते दहा किती गुण द्याल?” फोनवरची मुलगी विचारत होती.

“थांब, वही आणते.” मग पानं उलटल्याचा आवाज. “त्याचं काय आहे मुली, हा मनुष्य चपला वाकड्या काढतो. ओके ओके फार करतो. पण मी त्याला मुद्दाम खोटं उत्तर लिहायला सांगितलं, त्यात त्याचा फायदा होता, तरी त्याने ते लिहिलं नाही. एकतीस वर्षं मी तोंडी परीक्षा घेतल्या. सहाच्या वर एकालाही दिले नाहीत. एकालाही नाही. लिही, सहा...” यतीनरावांनी डोळे मिटले. “नाही, खोड. सहा खोड. सात लिही. आणि शेऱ्यात लिही, की विचारपूर्वक दिले आहेत, घाईत नाही.”

पडद्यावर सात उमटला. सरासरी सात पूर्णांक नऊ.

यतीनराव हेडफोन कानाला तसाच ठेवून बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अभिनव घाबरला. “सर, सर, प्लीज! पॉइंट वन से गया, आय नो. सिस्टम राउंड ऑफ करत नाही सर. मी ट्राय केलं असतं...”

“अरे, सात दिले त्यांनी,” यतीनराव म्हणाले. “सुगंधा मॅडमनी मला सात दिले!”

अभिनवला वाटलं, धक्क्याने सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याने पाणी मागवलं.

निरोपाचे सोपस्कार झाले. ओळखपत्र आणि टॅब परत केला, पोच घेतली. एरिया लीडची जागा दुपारीच वेबसाइटवर आली होती. स्थानिक अनुभव असलेल्यांना प्राधान्य होतं आणि यतीनराव रीतसर अर्ज करू शकत होते, असं अभिनवने त्यांना मनापासून सांगितलं. कंपनी चौथा गाळा घेत होती. जाता जाता दारापाशी एका यंत्राने यतीनरावांना विचारलं, की हेल्स्ट्रूपमधल्या आपल्या कारकिर्दीबद्दल आपण किती समाधानी आहात? यतीनराव थांबले. चारशे घरं आठवली, चहा आठवला, बाबुरावांचं अंगण आठवलं, अभिनवचा आत्ताचा चेहरा आठवला. रागावायला जागा होती, पण खोटं लिहायला नव्हती. त्यांनी सहा दाबलं. यंत्राने ‘आपल्या नाराजीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणून लाल दिवा लावला.

घरी पोचले तर सोफ्यावर सुगंधा मॅडम बसलेल्या. त्या जिने चढून आल्या होत्या, चार मजले. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. मृणालिनीबाईंनी नवऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र नाही हे बघितलं आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या.

“झालं ना काम?” मॅडमनी विचारलं. “खरं सांग. मला काल रात्रभर टोचत होतं, की आपण फार कडक वागतो का. म्हणून आज हात सैल सोडला. झालास ना पास?”

यतीनरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सहा महिन्यांत चारशे घरांतलं एक उत्तर त्यांनी बदललं नव्हतं.

“पास झालो, मॅडम,” ते म्हणाले.

“बघ! आणि तू उगाच घाबरत होतास.” मॅडमनी पुडा उघडून पुढे केला. “सात म्हणजे काय थोडे झाले?”

“नाही हो मॅडम,” यतीनराव पेढा घेत म्हणाले, “जास्तच झाले.”